विहिरीचे पाणी येते कुठून?

मे महिन्यातली सकाळ. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या वाडीतली विहीर डोळ्यांसमोर आणा. सहा मीटर व्यासाची, वरती दगडी कठडा. आत डोकावले तर आधी पिवळसर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या खडक आणि तळाशी काळा कातळ. काठावर दोघे बसले आहेत. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात घड्याळ आणि वही. टेपच्या टोकाला खडू फासलेला आहे, म्हणजे ते बाहेर काढल्यावर भिजलेली रेष स्पष्ट दिसते. पंप सुरू होतो. तो तासाला वीस हजार लिटर पाणी बाहेर फेकतो आणि ते पाटाने दूर सोडले जाते, पुन्हा विहिरीत मुरू नये म्हणून. ही उपसा चाचणी.

तासाभराने टेप सांगते, पाणी साठ सेंटिमीटर खाली गेले. कुणीही म्हणेल, बरी विहीर आहे, वीस हजार लिटर दिले. पण वहीवाला बेरीज-वजाबाकी करतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात साधारण अठ्ठावीस हजार लिटर मावतात. साठ सेंटिमीटर उतरले, म्हणजे विहिरीने आपल्या पोटातलेच जवळजवळ सतरा हजार लिटर दिले. उरले तीन हजार. खडकातून झिरपून आले ते फक्त तेवढे. पंपाच्या तोंडातून सगळे पाणी सारखेच पडत होते, पण त्यातले सतरा भाग शिल्लक मोडून दिलेले होते आणि तीनच भाग कमाईचे.

आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण हिशेब खरा आहे. माणसाने हजारो वर्षे विहिरी खोदल्या, मोटा चालवल्या, रहाट फिरवले. मात्र ‘हे पाणी नेमके येते कुठून, किती वेगाने, आणि किती दिवस येईल?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळायला सुरुवात व्हायलाच एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले. पाणाड्या नारळ तळहातावर धरून जागा दाखवतो. पाणी किती आणि किती दिवस, हे नारळ सांगत नाही. ते उत्तर ज्या वाटेने आले त्या वाटेची ही गोष्ट.

ती सुरू होते फ्रान्समधल्या दिजों या शहरात. आंरी दार्सी हा तिथला अभियंता. गावाचे पाणी घाणेरडे होते. त्याने सुमारे साडेबारा किलोमीटरवरच्या रोझ्वार झऱ्याचे पाणी बंदिस्त कालव्यातून गावात आणले आणि चौकाचौकांत खेळवले. पुढे तब्येत ढासळली, कामातून बाजूला व्हावे लागले. पण एक प्रश्न त्याला सोडवत नव्हता. पाणी गाळायच्या वाळूतून ते नेमके किती वाहते? १८५५ आणि १८५६ मध्ये दिजोंच्या इस्पितळाच्या आवारात त्याने एक उभा लोखंडी नळ बसवला, त्यात वाळू भरली, वरून पाणी सोडले, वरचा आणि खालचा दाब मोजला. दाबातला फरक दुप्पट केला की वाहणारे पाणी दुप्पट. वाळूचा थर दुप्पट लांब केला की पाणी निम्मे. वाळू बदलली की आकडा बदलतो, पण नियम तोच राहतो. १८५६ मध्ये दिजोंच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड ग्रंथाच्या एका परिशिष्टात त्याने हे छापले. दोन वर्षांत तो गेला. परिशिष्टातला तो नियम आज जगभरच्या भूजलशास्त्राचा पाया आहे.

दार्सीचा नियम सांगतो, उतार असेल तर पाणी किती वाहील. पण विहीर उपसायला लागलो की उतार स्वतःच क्षणाक्षणाला बदलत राहतो. विहिरीभोवती पाण्याच्या पातळीचा एक खोलगट द्रोण तयार होतो आणि तो पसरत जातो. तो किती वेळात किती लांब पोचतो? १९०६ मध्ये जर्मनीच्या गुंटर थीम याने एक सूत्र मांडले, पण त्याला एक अट होती. पातळी उतरायची थांबली पाहिजे, सगळे स्थिर झाले पाहिजे. तोवर सूत्र लागू होत नव्हते.

ही अट ज्याला खटकली तो चार्ल्स व्हर्नन थाइस. जन्म १९००, अमेरिकेतल्या केंटकीचा. भूविज्ञान शिकला आणि १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लागला. त्याच्या वाट्याला आले न्यू मेक्सिकोचे कोरडे पठार. तिथे शेतीसाठी पंपांनी उपसा चालला होता. थाइसला दिसले की आपण ज्या स्थिर अवस्थेची वाट पाहतो आहोत, ती प्रत्यक्षात येतच नाही. पंप चालतो तोवर पातळी उतरत राहते. वेग कमी होतो, उतरणे थांबत नाही. म्हणजे पाणी खडकाच्या साठ्यातून निघते आहे आणि या खेळात वेळ हाच मुख्य खेळाडू आहे. सूत्रात मात्र वेळेला जागाच नव्हती.

थाइस गणिती नव्हता. पण त्याने एक विलक्षण साम्य हेरले. तापलेल्या तव्याच्या मधोमध बर्फाचा खडा ठेवला तर काय होईल? खड्याभोवती तवा आधी थंड होईल, मग ती थंडाई हळूहळू कडांकडे पसरेल. विहिरीभोवतीचा द्रोण नेमका असाच पसरतो. तापमानाच्या जागी पाण्याची पातळी घ्या. धातू उष्णता किती सहज वाहू देतो, त्या जागी खडक पाणी किती सहज वाहू देतो हे घ्या. एक अंश तापमान उतरले की धातू किती उष्णता सोडतो, त्या जागी एक मीटर पातळी उतरली की खडक किती पाणी सोडतो हे घ्या. आणि उष्णतेचे गणित तर शंभर वर्षांपूर्वीच सुटलेले होते!

सिनसिनाटी विद्यापीठात क्लॅरेन्स लुबिन हे गणिताचे अध्यापक त्याच्या ओळखीचे होते. थाइसने त्यांना पत्र लिहिले. भूजलाचा प्रवाह आणि उष्णतेचा प्रवाह यांत मला पूर्ण साम्य दिसते, मधल्या बिंदूकडे चोहीकडून वाहणाऱ्या उष्णतेचे उत्तर आधीच काढलेले आहे का, असा त्याचा सरळ प्रश्न. उत्तर होते. उष्णतेवरच्या कार्स्लॉच्या पुस्तकाच्या आधाराने लुबिन यांनी ते मांडून पाठवले. १९३५ मध्ये थाइसचा जेमतेम सहा पानांचा निबंध अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या वार्षिक अंकात आला. लुबिन यांनी सहलेखक म्हणून नाव लावायला नकार दिला, कारण गणितज्ञ म्हणून आपण त्यात नवे काही केले नाही असे त्यांना वाटले. वरिष्ठांनीही सुरुवातीला निबंध फारसा उचलून धरला नाही. १९४० मध्ये चार्ल्स जेकब याने तेच सूत्र उष्णतेचा आधार न घेता, थेट पाण्याच्या नियमांवरून सिद्ध केले, तेव्हा शंका संपली.

त्या सहा पानांनी काय दिले? पंप किती पाणी काढतो आणि पातळी कोणत्या मिनिटाला किती उतरली, एवढे मोजले की जमिनीखालच्या, कधीही न दिसणाऱ्या खडकाचे दोन गुण आकड्यात सांगता येऊ लागले. तो पाणी किती सहज वाहू देतो आणि किती धरून ठेवतो. शिवाय द्रोण कसा पसरतो याचा नियम हाती आला. एखादा परिणाम शंभर मीटरवर पोचायला जितका वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ दोनशे मीटरवर पोचायला लागतो. अंतर दुप्पट, वेळ चौपट. शेजारच्या वाडीत बोअर मारली, आठवडाभर काही झाले नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. या नियमाप्रमाणे तो परिणाम अजून वाटेवर असू शकतो.

आता पुन्हा आपल्या विहिरीच्या काठावर येऊ. कारण थाइसचे सूत्र इथे अडखळते.

थाइसने गणितापुरती विहीर म्हणजे रेघेइतकी बारीक नळी मानली होती, जिच्या पोटात स्वतःचे पाणी जवळजवळ नाहीच. सहा इंची बोअरला हे चालते. तिच्यात पाणी एक मीटर उतरले तर नळीतून अवघे अठरा लिटर कमी होतात. आपल्या सहा मीटरच्या विहिरीत तेवढ्याच उतारात अठ्ठावीस हजार लिटर! सुरुवातीचा सगळा वेळ पंप विहिरीचेच पोट रिकामे करत असतो, खडकाला हाक पोचलेलीच नसते. अशा आकड्यांना सरळ थाइसचे सूत्र लावले की खडकाचे गुण भलतेच निघतात.

१९६७ मध्ये पापाडोपुलोस आणि कूपर या दोघांनी मोठ्या व्यासाच्या विहिरीचे गणित सोडवले. विहिरीच्या पोटातले पाणी त्यांनी हिशेबात घेतले. त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. पोटातल्या पाण्याचा प्रभाव किती वेळ टिकतो, हे विहिरीच्या त्रिज्येच्या वर्गावर ठरते. सहा मीटरची विहीर सहा इंची बोअरच्या जवळजवळ चाळीस पट रुंद. चाळिसाचा वर्ग सोळाशे. म्हणजे त्याच खडकात बोअरमध्ये जे दहा मिनिटांत उलगडते, ते विहिरीत उलगडायला दहा-अकरा दिवस. शेतकऱ्याची विहीर तर चार-सहा तासांत तळ गाठते. मग खडकाबद्दल कळणार कधी? उत्तर आहे, पंप बंद केल्यावर. पाणी चढू लागते तेव्हा वरून काही ओढले जात नसते, जे येते ते खडकातूनच येते. तासाला दहा सेंटिमीटर चढले तर आपल्या विहिरीत तासाला अठ्ठावीसशे लिटर येत आहेत. उपसताना काढलेल्या तीन हजारांच्या जवळच. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे एकमेकांशी जुळतात, तेव्हा वहीवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. आपल्याकडे पंप बंद झाला की माणसे टेप गुंडाळून घरी जातात. खरी माहिती त्यानंतरच्या तासांत असते.

आपला खडक मुळात वेगळा आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळू-रेतीत पाणी कणाकणांच्या फटीत साठते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टने व्यापलेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा, तोच मांजऱ्या. खाली घट्ट कातळ, ज्यात पाणी असते ते फक्त भेगांत. दोन थरांमध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा. ठाणे जिल्ह्यात या थरांतून उभ्या भिंतींसारखे खडकाचे पट्टे, म्हणजे डाइक, आरपार गेलेले आहेत. काही डाइक पाणी अडवतात, काही भेगाळलेले डाइक ते वाहून नेतात. म्हणून एका बांधावर विहिरीला भरपूर पाणी आणि पन्नास पावलांवर खडखडाट, हा आपला नेहमीचा अनुभव. तो नशिबाचा नाही, खडकाचा आहे.

या खडकालाही आकड्यात बांधायचे काम आपल्याच माणसांनी केले. अद्यालकर आणि मणी यांनी १९७२ मध्ये दख्खनच्या बेसाल्टमधल्या विहिरींच्या उपशावरून खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता काढण्याचा प्रयत्न मांडला. पुणे विद्यापीठातले देवळाणकर यांनी १९८० मध्ये बेसाल्टच्या वेगवेगळ्या प्रकारांची जलधर म्हणून, म्हणजे पाणी साठवून ते विहिरीला देणारा खडक म्हणून, कुवत तपासली. १९७१ मध्ये राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ती जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. पुण्यातल्या ‘अॅक्वाडॅम’ने गावकऱ्यांना आपल्या पायाखालचा जलधर ओळखायला शिकवले. हे काम गाजावाजाचे नाही. उन्हात टेप सोडायची, आकडा लिहायचा, पुढच्या विहिरीकडे जायचे.

त्या आकड्यांतून काय दिसते ते बघा. सरकारी भूजल मूल्यमापनात बेसाल्टसाठी धरलेला अंदाज असा की शंभर लिटर खडक रिता झाला तर साधारण दोन लिटर पाणी सुटते. समजा पावसाळ्यात विहिरीची पातळी पाच मीटर चढली. पाच मीटरचे दोन टक्के म्हणजे शंभर मिलिमीटर. बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यातले शंभर मिलिमीटर खडकाच्या शिलकीत पडले. बाकीचे बहुतेक ओढ्यांनी, नाल्यांनी उल्हास नदीत आणि तिथून खाडीत. एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये पाड्यावर हंडे का लागतात, याचे उत्तर त्या दोन टक्क्यांत आहे. आभाळ कमी पडत नाही, खडकाचे भांडे लहान आहे.

मग नळाला पाणी येते ते कुठून? उल्हासनगरला ते औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाच्या योजनेतून मिळते. बदलापूर-अंबरनाथला बहुतेक उल्हास नदीवरच्या बदलापूर बंधाऱ्यातून. आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, कारण घाटमाथ्यावरच्या आंध्रा तलावाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली सोडले जाते. धरणाच्या आणि दुसऱ्या खोऱ्यातून आलेल्या पाण्यावर आपली शहरे उभी आहेत. त्यामुळे पायाखालचा जलधर आपण विसरलो आहोत. पाणीकपात झाली, नळ बंद झाला, की सोसायटीच्या बोअरची आणि टँकरची आठवण होते.

आणि इथेच थाइसचा आणखी एक निबंध आठवतो. १९४० मध्ये त्याने विहिरीच्या पाण्याचा उगम सांगितला. विहीर खणण्याआधी जलधरात जितके पाणी मुरते तितकेच झरे, ओढे आणि झाडे यांच्यावाटे बाहेर जाते. तराजू समतोल असतो. विहीर उपसायला लागली की तेवढे पाणी कुठून तरी कमी झालेच पाहिजे. आधी साठा घटतो, मग झरे रोडावतात, ओढा लवकर आटतो. आणि विहीर नदीजवळ असेल तर ती नदीचेच पाणी आपल्याकडे ओढू लागते.

ही शेवटची शक्यता वालधुनीच्या काठावर जीव घाबरा करणारी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वाहणारी ही नदी. मंदिराच्या शिलालेखातले साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी इथे मंदिर बांधायचे ठरवले, त्यांना हे पाणी पवित्र वाटले असावे. आज ती अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वाहते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात तिच्या पात्रात विषारी रसायन ओतले गेले आणि वायूने शेकडो लोक आजारी पडले. पात्रात ओतलेले डोळ्यांना दिसते, नाकाला झोंबते. पण काठापासून आत कुठे बोअर चालू असेल, तिचा द्रोण पसरत नदीपर्यंत पोचला असेल, तर त्या पाण्याची वाट जमिनीखालून असते. ती दिसत नाही. ती मोजून आणि गणितानेच शोधावी लागते.

हैदराबादजवळच्या पटनचेरू औद्योगिक पट्ट्यात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशी वाट शोधणारे प्रारूप बांधले. प्रारूप म्हणजे काय? नकाशावर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकटीला तिच्या खडकाचे दोन गुण द्यायचे. मग संगणक प्रत्येक चौकटीचा हिशेब मांडतो: शेजाऱ्यांकडून किती आले, किती गेले, पावसाने किती भरले, पंपाने किती काढले, शिल्लक किती. दार्सीचा नियम आणि घरखर्चाची वही, हजारो चौकटींत एकाच वेळी. अमेरिकन सर्वेक्षणाच्या मॅकडोनाल्ड आणि हार्बो यांनी १९८४ मध्ये त्यासाठी ‘मॉडफ्लो’ ही आज्ञावली सर्वांना खुली केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. पटनचेरूत सांडपाणी वाहणाऱ्या नक्कावागू ओढ्याकाठचा गाळाचा पट्टा आजूबाजूच्या कातळापेक्षा पाणी जास्त सहज वाहू देतो आणि प्रदूषण त्या वाटेने पसरते, हे समोर आले. काठावरच्या विहिरींना धोका कुठून आहे ते नकाशावर दाखवता आले.

वालधुनीच्या काठाला असा नकाशा हवा. पण प्रारूपाला अन्न लागते ते आकड्यांचे. चौकटी कितीही बारीक आखा, विहिरींच्या पातळीच्या नोंदी नसतील तर ते सुंदर चित्र असेल, खरे नसेल. सरकारी निरीक्षण विहिरी साऱ्या राज्याला पुरवायच्या असतात, आपल्या गल्लीत एखादीही नसेल. पण तुमच्या सोसायटीची बोअर आहे, वाडीतली विहीर आहे, शाळेच्या आवारातला जुना आड आहे.

म्हणून हे आवाहन. एक टेप घ्या, एक वही घ्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, पंप रात्रभर बंद ठेवून, सकाळी पाण्याची पातळी मोजा आणि तारखेसह लिहा. विहीर असेल तर पंप बंद केल्यावर पाणी तासाला किती चढते तेही एकदा लिहा. शेजाऱ्याला लिहायला सांगा. दहा विहिरींच्या पाच वर्षांच्या नोंदी जमल्या आणि त्यांच्या काठांची उंची माहीत असली, तर आपल्या वस्तीखालून पाणी कोणत्या दिशेला वाहते हे शाळेतला मुलगाही नकाशावर काढून दाखवू शकेल. विहिरीतले पाणी विहिरीचे नसते. ते शेजारच्या शेतातून, ओढ्यातून, नदीतून आलेले असते आणि आपण ओढले की तिथे कमी होते. दार्सीने वाळूचा नळ मोजला, थाइसने उतरती पातळी मोजली. आपण निदान आपली विहीर मोजू.